साडेतीन वाजताची सावली
वाचकांचे प्रश्न, परड्यातली उत्तरे

होळी झाली की पत्रांचा नूर बदलतो. थंडीत गुलाबाची छाटणी आणि शेवंतीचे मुनवे (बुडाशी येणारे फुटवे) विचारणारी मंडळी एकदम ‘सावलीचं एखादं झाड सांगा’ म्हणू लागतात. बेळगावात अनगोळला आमची नर्सरी होती तेव्हाही हेच चालायचे. मार्च उजाडला की शहापूर-वडगावचे मराठी गिऱ्हाईक आणि बैलहोंगल-गोकाककडचे कन्नड गिऱ्हाईक एकाच फाटकातून एकच प्रश्न घेऊन आत यायचे. ‘नेरळिगे याव गिड चलो?’ सावलीला कुठले झाड चांगले? (त्यांच्या ‘चलो’चा अर्थ ‘चांगले’. लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला वाटायचे, हे आल्या आल्या निघायचे का म्हणतायत.) या खेपेला सावलीचीच पत्रे घेतली आहेत. कुंड्या आणि गुलाब पुढच्या अंकात.

हिंदवाडीत तीस-चाळीसच्या साईटवर घर बांधले आहे. हॉल पश्चिमेला येतो. दुपारी तीनला तापलेली भिंत रात्री दहापर्यंत निवत नाही. भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये नऊ फूट जागा आहे. मुलांना गुलमोहर हवाय, सासूबाई अशोक लावा म्हणतात. काय करू?
— एक गृहिणी, बेळगाव

ताई, तुमच्या मुलांचे मन मोडायचे पाप माझ्याकडे. गुलमोहर नको.

आमच्या दारात होता. थोरला पोटात होता त्या पावसाळ्यात मी तो गोठ्यापासून आठ फुटांवर लावला. सहा-सात वर्षांत कौलांच्या वर गेला. येणारा-जाणारा फुलांकडे बघत थांबायचा आणि मी फुशारून जायची. माझ्या सासूबाई मात्र म्हणायच्या, ‘झाड नव्हं, हत्ती बांधून ठेवलायस दारात.’ पंधराव्या वर्षी मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. आधी वारा सुटला, गारा पडल्या, आणि पाऊस धड सुरू व्हायच्या आत झाड गोठ्यावर आडवे झाले. म्हैस त्या दिवशी दारात धुवायला काढली होती म्हणून वाचली. कौले गेली, दोन वासे गेले.

सकाळी उजेडात जाऊन बघितले तर मुळांचा सगळा पसारा उभा राहिलेला, परातीसारखा. चांगली आठ-नऊ फूट रुंद परात, आणि जाडी माझ्या गुडघ्याएवढी. खाली जाणारे एकही मूळ नाही. दोन फुटांवर जांभ्याचा थर लागला होता, तिथून सगळी मुळे आडवी पळाली होती. गुलमोहराची मुळे मुळातच उथळ, लाकूड ठिसूळ, त्यात बेळगावच्या पश्चिम भागातला हा जांभा. असे झाड मी वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांना हसत हसत विकले होते. त्या पावसाळ्यापासून नर्सरीत गुलमोहराचे रोप ठेवणे बंद केले. मोठे मैदान, लांबलचक रस्ता असेल तिथे खुशाल लावा, त्याच्यासारखे दिसणारे दुसरे झाड नाही. नऊ फुटांत नको.

आणि पडायचे सोडा. तुम्हाला सावली हवी आहे ती मार्च-एप्रिलमध्ये. त्या वेळी गुलमोहर उघडा असतो. पाने गळून गेलेली, काळ्या शेंगा खडखडतायत. पुढे फूल आधी येते, भरगच्च पाने पावसाच्या तोंडावर. मूळचे मादागास्करचे झाड, आपल्या हॉलची भिंत कधी तापते याच्याशी त्याला काय देणे-घेणे. हाच प्रकार नीलमोहराचा, गुलाबी टॅबेबुयाचा, पळसाचा, पांगाऱ्याचा. कॅम्पात झाडे फुललेली बघून लोक रोप मागायला यायचे, तेव्हा मी विचारायची, फुले बघितलीत, खाली उभे राहून बघितलेत का?

म्हणून झाडाच्या नावाआधी दोन गोष्टी ठरवा. एप्रिलमध्ये त्याच्या अंगावर पाने असतात का, ही एक. दुसरी, दुपारी साडेतीनला त्याची सावली कुठे पडते.

दुसरीसाठी एक वेळू घ्या, दहा फुटांचा. जिथे झाड लावायचे मनात आहे तिथे या एप्रिलच्या शेवटी उभा धरा आणि साडेतीनला बघा. सावली जवळपास दहा फूट पडेल आणि सरळ पूर्वेकडे पडेल. मेच्या पहिल्या आठवड्यात बेळगावात सूर्य भर दुपारी नेमका माथ्यावर येतो, आपली सावली आपल्याच पायाखाली. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेला लावलेले झाड घराला काही देत नाही. उलट ते बारमाही हिरवे असेल तर पौष-माघात, सूर्य दक्षिणेला कललेला असताना, अंगणातले कोवळे ऊन तेवढे खाते. आपली थंडी तुम्हाला ठाऊक आहे. पश्चिमेचे झाड खरे कामाचे. पंधरा फुटांचे झाड भिंतीपासून सहा फुटांवर असेल तर साडेतीनला त्याची सावली भिंतीवर नऊ फुटांपर्यंत चढते, म्हणजे एका मजल्याची भिंत जवळजवळ झाकली. नंतर ती वरच चढत जाते. त्याहून मोठे झाड तुम्हाला लागतच नाही.

तुमच्या जागेला ताम्हण लावा. डिसेंबर-जानेवारीत पाने तांबूस होऊन गळतात, थंडीचे ऊन भिंतीला मिळते. उन्हाळा चढायच्या आत नवी पालवी येते आणि एप्रिल-मेमध्ये जांभळ्या फुलांचे तुरे. महाराष्ट्राने त्याला राज्यपुष्प केले आहे, पण त्याचे कन्नड नाव मला जास्त उपयोगाचे वाटते. होळे दासवाळ, म्हणजे नदीतली जास्वंद. पाणी लागते हे नावातच सांगून टाकले आहे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा दोन-दोन बादल्या घातल्याच पाहिजेत. रोपे बियांची असतात, तेव्हा फुलांचा रंग कुणाचा गडद, कुणाचा फिक्कट निघतो. त्यावरून नर्सरीवाल्याशी भांडू नका.

खड्डा आत्ताच काढा, दोन फूट लांब-रुंद-खोल, आणि महिनाभर ऊन खाऊ द्या. तळाला जांभा लागला तर पहारीने भोक पाडून मग दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच असेल तर ती जागा सोडा, नाहीतर मातीचा हातभर उंचवटा करून त्यावर लावा. मातीत कुजलेले शेणखत मिसळा, वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावणी. कंपाउंडपासून तीन फूट आत. सेप्टिक टँक त्याच बाजूला असेल तर मला पुन्हा लिहा, उत्तर बदलेल. आणि खालच्या फांद्या एकदम तोडू नका. वर्षाला दोन-तीन काढत तीन वर्षांत खोड सात फुटांपर्यंत मोकळे करा, नाहीतर ताम्हणाचे झुडूप होते.

सासूबाईंचा अशोक कुठला, तेवढे विचारून घ्या. उंच सरळसोट वाढणारा, त्याचे नाव आसुपालव. तो सावलीला लावणे म्हणजे मिटलेली छत्री डोक्यावर धरणे. खरा सीता-अशोक वेगळा, केशरी-लाल फुलांचा. तो फार गुणी, पण त्याला स्वतःलाच सावली आणि ओल लागते. घराच्या उत्तरेला विहीर किंवा नळ असेल तर तिथे लावा आणि सासूबाईंना सांगा, हा तुमचा.

अथणीजवळ मळ्यात घर आहे. काळी जमीन, चार फुटांपर्यंत काळीच. बेळगावात एका देवळाजवळ सीता-अशोक बघितला, तसा दारात हवा. दोनदा लावला, दोन्ही उन्हाळ्यात गेले.
— शेतकरी, अथणी तालुका

दादा, तो तिसऱ्यांदाही जाईल. अशोक घाटाच्या ओलाव्यातला गडी. खानापूरकडे पाऊस उतू जातो आणि तुमच्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. एकाच जिल्ह्यात राहतो म्हणून झाडही एकच, असे नाही.

तुमच्या दाराला करंज. कन्नड शेजाऱ्यांना विचारा, होंगेच्या नेरळाइतके, म्हणजे करंजाच्या सावलीइतके, गार काही नाही म्हणतील, आणि ते खरे आहे. करंज फेब्रुवारीच्या सुमारास पाने टाकतो आणि उन्हाचा कडाका सुरू होईतो पोपटी, तुकतुकीत पाने घेऊन तयार असतो. एप्रिलची परीक्षा पास होणारे, खर्च नसलेले, गुरे सहसा तोंड न लावणारे झाड. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आणि गाठी दिसतील. नागअळी आणि कोळ्यांची करामत ती. झाडाला काही होत नाही, औषध मारू नका. फुलांचा सडा पडतो, तो झाडून बुंध्यालाच टाका.

घरापासून वीस फूट लांब ठेवा. यात झाडापेक्षा जमिनीचा दोष जास्त. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पायाजवळचे मोठे झाड तिची ओल ओढून ते आणखी वाढवते आणि मग भिंतीला चीर गेली की झाडाच्या नावाने शंख. खड्ड्यात निम्मा मुरूम मिसळा. नुसत्या काळ्या मातीत खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यात न झिरपणारा हौद. उन्हाळ्यासाठी रोपापासून फूटभर अंतरावर बुडाला बारीक भोक पाडलेले मडके गळ्यापर्यंत पुरा, भोकात कापडाची वात, तोंडावर झाकण. चार दिवसांतून एकदा भरले की पुरे. कृष्णाकाठची जमीन असून पांढरे क्षार वर येत असतील तर करंजाच्या जोडीला भेंड लावा, पिवळ्या फुलांचा. तो खारट जमिनीलाही दाद देत नाही.

कडुनिंब तुमच्याकडे न लावता येतो, म्हणून त्याची किंमत नाही. पश्चिमेच्या बांधावर एखादा आपोआप उगवलेला असेल तर तोच राखा. आयती पाच वर्षे वाचली.

जांबोटी भागात घराशेजारी भरपूर जागा आहे. तीन वर्षांपूर्वी बकुळीचे (आमच्याकडे ओवळ म्हणतात) मोठे रोप विकत आणून लावले. मेले नाही, पण इंचभर वाढले नाही. पाने पिवळी. खत घालून दमलो.
— निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका

गुरुजी, तुमच्या जागेला ओवळीसारखी निवड नाही. बारमाही दाट सावली, वादळात ठाम, आणि पहाटे अंगणभर पडलेली फुले. सुकली तरी त्यांचा वास जात नाही. माझ्या आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत मूठभर असायची. झाड चांगले, जागा चांगली, तेव्हा दोष मुळात असणार. मी शब्दशः मुळात म्हणते आहे.

एकदा एक गिऱ्हाईक चार वर्षांपूर्वी नेलेला सोनचाफा उपटून घेऊन आले आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. काही बोलले नाहीत. माती झाडून बघितले तर मुळांची चुंबळ. पाण्याच्या घागरीखाली बायका घेतात तशी, गोल गोल, एकात एक गुंतलेली, आणि तिचा आकार बरोबर आमच्या पिशवीएवढा. चार वर्षांत एक मूळ त्या गोलाच्या बाहेर पडले नव्हते. रोप पिशवीत दोन पावसाळे जास्त राहिले होते. विकले गेले नाही म्हणून मीच ठेवले होते आणि ‘मोठे रोप’ म्हणून जास्त पैशाला दिले होते. पैसे परत केले, नवीन रोपही दिले, पण त्या माणसाची चार वर्षे कुठून देणार.

मे महिन्यात ओवळीच्या बुंध्याभोवती हाताने, विळ्याच्या टोकाने, माती उकरा. बुंध्याला विळखा घातलेले मूळ दिसले तर कात्रीने तोडून काढा आणि बाहेर नवी भुसभुशीत माती भरा. सगळेच गोल असेल तर जीव लावू नका. उपटा आणि मांडीएवढ्या उंचीचे लहान रोप आणा. विकत घेतानाच पिशवी उलटी करून बघायची. तळातून जाड मूळ बाहेर येऊन गोल फिरले असेल तर दुसरे घ्या. नर्सरीवाला कुरकुरला तर माझे नाव सांगा. लहान रोप पाच वर्षांत त्या मोठ्याला मागे टाकते, हे मी शपथेवर सांगते.

दुसरी शक्यता पाणी साचण्याची. तुमच्याकडचा जुलै काय असतो ते मला माहेरामुळे माहीत आहे. बुंध्याशी आळे केले असेल तर पावसाआधी मोडून टाका. आळे उन्हाळ्यात आत वळते हवे, पावसाळ्यात बाहेर उतरते.

बहाव्याची पाने अळ्यांनी रात्रीत खाल्ली. कुठले औषध मारू?
— उचगाव

कुठलेही नाही. पिवळसर फुलपाखरांची पिल्ले आहेत ती, बहावा हे त्यांचे ठरलेले खाणे. पंधरवड्यात नवी पालवी येते. मात्र एक सांगून ठेवते. बहावा पिवळा फुलतो तेव्हा बहुतेक पाने गळालेली असतात. खाली खाट टाकायची असेल तर झाड चुकले, खिडकीतून बघायचे असेल तर बरोबर.

शेजाऱ्यांनी कंपाउंडला कोनोकार्पसची ओळ लावली. सहा महिन्यांत हिरवी भिंत झाली. आम्हीही लावावी का?
— सदाशिवनगर

नको. पाण्याच्या पाइपात आणि गटारात मुळे घुसवणारे झाड म्हणून त्याची ख्याती आहे, आणि आरोग्याच्या तक्रारींसकट हे सगळे बघून गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. ना फळ, ना पाखरू. हिरवी भिंत हवी तर मेंदी आहे, कामिनी आहे. वर्षभर उशीर होईल, एवढेच.

फायकस बेंजामिनाचेही तेच. आज गोळा कापून गोंडस दिसतो, उद्या संडासची टाकी उचलतो. वड-पिंपळाचाच भाऊबंद आहे तो.

दारात सप्तपर्णी आहे, रस्ता रुंद झाला तेव्हा कुणीतरी लावलेली, आता आमच्या हद्दीत येते. दिवाळीच्या सुमारास रात्री वासाने डोके उठते, सासऱ्यांना दमा आहे. तोडावी का?
— टिळकवाडी

सप्तपर्णी सावलीला उत्तम, पण शयनगृहाच्या खिडकीशी नको. तिचा वास काहींना आवडतो, काहींना उलटी येते. दम्याच्या माणसाला त्रास होत असेल तर मी झाडाची बाजू घेणार नाही. मात्र कुऱ्हाड आणण्याआधी अर्ज करा. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नारळ, सुरू, निलगिरी, सिल्व्हर ओक, सुबाभूळ अशा काहींना सूट आहे, सप्तपर्णीला नाही. परवानगी देताना बदली झाड लावायला सांगतात. त्या आधी एक करून बघा. पावसाळा सरला की फुलोरा धरणारे शेंडे माहीतगाराकडून हलके छाटून घ्या. चीक कापडाला लागू देऊ नका, जात नाही.

शहापूरला गल्लीत घर. पुढे दीड फूट कट्टा. कुठले झाड?

कुठलेही नाही. पांढरा पडदा आणि कुंडीत तुळस.

वय चौऱ्याहत्तर. निपाणीला घर, मागे परडे मोठे, पश्चिमेला मोकळे. तुम्ही सांगता ती झाडे आठ-दहा वर्षांनी सावली देणार. मला येत्या उन्हाळ्यात खुर्ची टाकून बसायचे आहे.
— एक आजोबा

आजोबा, तुमचे पत्र वाचून आधी हसले, मग लाजले. आम्ही माळी लोक सरसकट दहा वर्षांच्या भाषेत बोलतो.

झाड लावाच, करंज लावा, निपाणीच्या मातीत तो चौथ्या-पाचव्या वर्षी माणूसभर सावली धरेल. पण येत्या उन्हाळ्याचे काम झाडाचे नाही, मांडवाचे आहे. मागच्या दारापासून आठ फुटांवर, पश्चिमेला, चार वेळू रोवा. बुडाला डांबर किंवा जळके तेल लावून, नाहीतर वाळवी वर्षात संपवते. बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, वेळूंचे गाव, तेव्हा वेळू मिळायला अडचण नको. वर आडव्या काठ्या आणि सुतळीची जाळी. उंची सात फूट, पश्चिमेकडची बाजू फूटभर खाली, म्हणजे चारचे ऊन खालून घुसत नाही.

या जूनमध्ये दोन बाजूंना दोडका आणि घेवडा लावा, दसऱ्यापर्यंत भाजी खा. त्याच वेळी दोन कोपऱ्यांत कृष्णकमळ लावून ठेवा. भाजीचे वेल थंडीत वाळले की काढून टाका, तोवर कृष्णकमळ जाळीवर पोचलेले असेल. डिसेंबरपासून त्याचे शेंडे हाताने जाळीवर पसरत राहा, एकाच जागी गुंता होऊ देऊ नका, आणि पाणी तोडू नका. मार्चपर्यंत खुर्चीपुरती सावली होते. कमी पडली तर उरलेल्या भागावर नारळाच्या झावळ्या टाका, त्यात कमीपणा नाही.

करंजाचे रोप मांडवाच्या पलीकडे, आणखी बारा फुटांवर. पाणी घालायला खुर्चीतून उठावे लागेल, पण तेवढे चालणे डॉक्टरही सांगत असतील. रोप घ्यायला जाल तेव्हा पिशवी उलटी करून बघायला विसरू नका.